एक हजार नऊ तुकडे

टेलरबाई अगदी मेटाकुटीला आल्या होत्या, आणि तेही कशापायी, तर एका गोधडीपायी! लेक पुढच्या महिन्यात दूरच्या गावी नोकरीला निघायची होती. तिच्या पहिल्या झबल्यापासून बाईंनी घरच्या मशीनवर शिवलेल्या प्रत्येक कपड्याची कातरण जपलेली. त्यातून सारख्या मापाचे चौकोनी तुकडे कापले, मोजले, तर एक हजार नऊ भरले. कापड तिथेच संपलं.

वीस-वीसच्या ओळी लावल्या, नऊ उरले. पंचवीसच्या लावल्या, पुन्हा नऊच! अठ्ठावीसच्या लावल्या, तर मेला एक उरला. बाईंनी परत मोजायला घेतले. जसा काही मोजून मोजून आकडा दमणार होता!

"एक टाक की काढून," मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेत गणित शिकवायचे.

"कुठला काढू? तुम्हीच सांगा."

मास्तरांनी एक निळा उचलला. लेक सायकलवरून पडली तेव्हाचा फ्रॉक. गुपचूप ठेवून दिला. पिवळा उचलला, तोही ठेवला.

"बघा! उगाच तोंडाची वाफ दवडता. सगळे तिच्याबरोबर गेले पाहिजेत. आणि वाकडीतिकडी कड माझ्या हातून व्हायची नाही." एवढं बोलून बाई तुकडे पुन्हा मांडू लागल्या. पोरगी घर सोडून चालली होती आणि तिला द्यायला त्यांच्याकडे हेच होतं.

मास्तर खुर्ची ओढून बसले. दोनपासून एकतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकीनेही भाग जाईना, तसे ते भलतेच खूश झाले.

"अगं, ही संख्याच मूळ आहे! सरळ ओळींत बसायचीच नाही. एकच लांबलचक पट्टी कर, पोरगी गळ्यात गुंडाळेल."

"नाचा आता!"

"नाचतोच! चाराने भागलं की हिची बाकी एक. अशी मूळ संख्या दोन वर्गसंख्यांच्या बेरजेत फुटतेच, आणि एकाच तऱ्हेने. थांब हं... अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस, सातशे चौऱ्याऐंशी. उरले दोनशे पंचवीस. पंधरा गुणिले पंधरा!"

"म्हणजे दोन गोधड्या?"

"एक मोठी, एक छोटी. दोन्ही चौरस, आणि उरला तुकडा शून्य."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसत हसत सुईत दोरा ओवला.

निघायच्या सकाळी लेकीने मोठी गोधडी बॅगेत भरली. छोटी मात्र आईच्या मांडीवर पसरली.

"अगं, हीपण घे ना. तुझ्याच कपड्यांची आहे."

"म्हणूनच इथे ठेवतेय. मी थोडी तुझ्यापाशीही राहणार आहे, आई."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. मास्तर घाई करायला दारात आले, तशा बाई गोधडीने डोळे पुसत म्हणाल्या, "थांबू दे त्याला जरा."