भेगेवरची काच

मी वीतभर लांबीची, दोन बोटं रुंदीची काचेची पट्टी. काचेच्या आरपार बघायचं असतं, काचेकडं नव्हे. त्यामुळं माझी दखल कुणी घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लोहाऱ्याच्या एका दुकानात कपाटाच्या दाराची काच कापताना मी उरले. कोपऱ्यात पडून होते. तिथून शंभुलिंग अप्पांनी मला उचललं. अप्पा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांनी स्वतःच्या हातांनी भिंतीखालून माणसं काढली होती. आता ते तालुक्यातल्या एका शिक्षण प्रतिष्ठानचं काम बघतात. गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून ते उभं केलंय. सरकारी शाळांना पुस्तकं द्यायची, गणिताचं साहित्य द्यायचं, शिक्षकांसोबत बसून वर्गातल्या अडचणी सोडवायच्या, हे त्याचं काम.

सास्तूरच्या बाजूच्या एका लहान गावातल्या शाळेनं प्रतिष्ठानकडं टीव्ही आणि भिंतींना रंग मागितला होता. अप्पा शाळा बघायला गेले आणि तिसरी-चौथीच्या वर्गात थबकले. मागच्या भिंतीत खालून वरपर्यंत भेग गेली होती.

"रंगाचं नंतर बघू. आधी ही भिंत."

"भेग जुनीच हाय, अप्पा," शाळा समितीचे अध्यक्ष श्रीमंतराव म्हणाले. "काळ्या मातीत कुठली भिंत फाटत न्हाय? माझी नात शिवप्रिया बी हितंच बसती की."

मुख्याध्यापिका वनमालाबाईंना वर्ग त्याच दिवशी देवळात हलवायचा होता. श्रीमंतरावांनी मान हलवली. "बाई, पोरं देवळात बसवली तर आईबाप उद्याच इंग्रजी शाळेच्या गाडीत घालतील. बावीस पोरं हायत आपली. पाच-सहा गेली तर शाळा राहती का?"

श्रीमंतरावांचंही खरं होतं. धाराशिवच्या कार्यालयाला केलेला दुरुस्तीचा अर्ज पूर्वीच परत आला होता, 'भेग वाढत असल्याचा पुरावा जोडावा' असा शेरा घेऊन.

तो पुरावा म्हणजे मी. अप्पांनी मला भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली, शेजारी तारीख लिहिली. "भिंत केसभर हलली तरी ही तडकंल. मग कुणाला विचारत बसू नका, बाई. पोरं बाहेर काढा." जाण्याआधी त्यांनी मागचे बाक पुढं ओढून घेतले.

जूनपासून बाई रोज सकाळी आधी माझ्यावरून बोट फिरवायच्या, मगच हजेरी घ्यायच्या. मी अखंड दिसले की त्यांचा श्वास सुटायचा. पण मला आतून ओढ जाणवत होती. पावसानं माती फुगली की एक टोक वर ओढलं जायचं, उघडीप पडली की खाली. मी तुटले नाही तर अर्ज अडणार, आणि तुटले तर काय होणार? काय मागावं, हेच मला कळत नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी ऊन पडलं. सकाळी बाईंनी बघितलं तेव्हा मी शाबूत होते. प्रतिष्ठानची माणसं वाचन ऐकायला येणार होती, म्हणून बावीसच्या बावीस मुलं त्याच वर्गात बसवलेली.

अकराच्या सुमारास मी तुटले.

आवाज झाला, पण एवढ्या वाचनाच्या गलक्यात तो कुणाला ऐकू जाणार? बाईंचं तोंड फळ्याकडं. भेगेतून वाळू झिरपत होती. मला ओरडता येत नव्हतं.

शिवप्रियाचं खोडरबर गडगडत मागं आलं. ती वाकली, उठली आणि तशीच उभी राहिली.

"बाई, काचंचं दोन तुकडं झालेत!"

बाई आल्या. बोट लावलं. नखावर वाळू सांडली.

"दप्तरं राहू द्या. चला, सगळे बाहेर. पळा!"

श्रीमंतराव मोटारसायकलवर आले तेव्हा मुलं मैदानात उभी होती. "एका काचंपायी शाळा बंद? थांबा, दप्तरं तर आणतो."

बाई दारात आडव्या झाल्या. "तुम्हीसुद्धा आत जायचं नाही."

दुपारी अप्पा आले. ते मात्र एकटेच आत शिरले. फोटो घेतले, माझा सैल झालेला अर्धा तुकडा अलगद काढला आणि मागं न बघता बाहेर पडले.

भिंत त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रतिष्ठाननं सतरंज्या आणि फळा पाठवला, सोसायटीच्या गोदामात वर्ग भरला. गावात लोक हसू लागले. "भिंत तर उभीच हाय की, बाई!" तिसऱ्या दिवशी चार मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली. बाईंचा डबा तसाच घरी गेला.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता, शाळेच्या भर वेळात, भिंत आतल्या बाजूला कोसळली. पत्रे बाकांवर आले.

श्रीमंतराव धावत जाऊन बघून आले. गोदामाच्या दारात मटकन बसले. नातीला जवळ ओढलं. मग म्हणाले, "बाई, अर्जावर पयली सही माझी घ्या."

गेलेल्या चारपैकी तीन मुलं परत आली. एक अजून आलेलं नाही. नवी खोली मंजूर व्हायची आहे. माझा अर्धा तुकडा ढिगाऱ्यात गेला. उरलेली मी त्या अर्जाला चिकटून धाराशिवच्या कार्यालयात एका फाईलीत आहे. माझ्यासाठी हळहळू नका. तुटणं हेच माझं काम होतं. पण अप्पांनी आता आणखी अकरा शाळांच्या भिंतींवर माझ्यासारख्या काचा लावल्यात. त्या अजून अखंड आहेत. त्यांच्यासमोर मुलं बसलीत. तेवढं त्या काचांकडं बघत राहा.