उलटं पान

सुरीच्या म्यानाला टिचबटण लावायचं की बक्कल, हे गिऱ्हाइकाचं ठरत नव्हतं. कडेची नक्षी मात्र पक्की होती. "अशीच वेल हवी," म्हणत त्याने समोरच्या दुकानातलं म्यान चामडं शिवणाऱ्या बाईपुढे ठेवलं.

वेलीतलं एक पान उलटं होतं. ठसा कोरताना तिच्याच हातून झालेली ती चूक. तो ठसा तिने कधी कुणाला दिला नव्हता.

शेजारी मेणावरून दोरा ओढणाऱ्या दिराने मान वर केली नाही.

"भावजी?"

"चारच दिवस दिला होता, वहिनी. ठसा काय झिजतो थोडाच?"

ती गिऱ्हाइकाकडे वळली. "बक्कल लावते. कडा कोरीच राहील. ती वेल आता समोर मिळते."