पांढऱ्या दोऱ्यातली गॅस्केट

मी एक जुनी गॅस्केट आहे, मित्रांनो, आणि माझी दातखीळ आत्ता कुठे सुटतेय. त्या दिवशी जे पाहिलं, ते आठवलं की निवलेलं पोलादही थरथरतं.

पोलादाच्या पातळ पत्र्यांचे थर दाबून मला घडवलं. अंगाला चार खिडक्या आणि कडेला बोल्टांची भोकं, एवढंच माझं रूप. इंजिनातला जळका धूर चार तोंडांनी बाहेर पडतो आणि मॅनिफोल्ड नावाच्या लोखंडी नळकांड्यात एकत्र होतो. त्या दोघांच्या मध्ये मी चेपून बसायचं आणि धुराची एक फुंकरही बाहेर सोडायची नाही, हे माझं काम. मला कुणी पाहत नाही. दोन लोखंडांच्या ओठांत धरलेली मी एक गप्प जीभ.

माझं घर म्हणजे कोरियाच्या डोंगराळ भागातला एक निळा छोटा ट्रक. मानसोक गाडी चालवायचा. त्याची बायको ओकबुन शेजारी बसून भोंग्यावर कोबी-मुळ्याची हाळी द्यायची. असल्या ट्रकचं इंजिन बसायच्या बाकाखालीच असतं, म्हणजे मी अगदी ओकबुनच्या पायाशी.

गाडी आली त्या दिवशी तिथल्या रीतीप्रमाणे तिची पूजा झाली. डुकराचं हसरं मुंडकं मांडलं, चाकांवर तांदळाची दारू ओतली. मग पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला एक सुका मासा मानसोकने बाकाखाली माझ्याशेजारी ठेवला. त्याचे डोळे उघडे असतात, तो रात्रंदिवस राखण करतो, अशी तिथली श्रद्धा. घाट सुखरूप चढला की मानसोक बाकावर थाप मारायचा, "शाब्बास रे माशा!" आणि मी? मी धूर गिळत बसायचे.

तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. अशी वर्षं गेली. एका हिवाळ्यात कडेचा बोल्ट तुटला आणि माझी एक कड जळून फाटली. सकाळी थंड गाडी सुरू झाली की त्या फटीतून धूर ठोके द्यायचा, टक-टक-टक. लोखंड तापून फुगलं की आवाज दबायचा, पण फट पुरती मिटायची नाही.

"अहो, काहीतरी वाजतंय," ओकबुन म्हणाली.

"थंडीने गाडीचे दात वाजतायत. तुझे नाही का वाजत?"

थोड्या दिवसांनी गाडीत खमंग वास येऊ लागला. माझ्या फटीतला गरम धूर थेट माशाच्या अंगावर जात होता. मानसोकला केवढा आनंद! "मासा भाजतोय बघ! नशीब तापलंय आपलं. आज सगळा कोबी खपणार!"

"माझं डोकं तेवढं ठणकतंय."

"दिवसभर भोंग्यात ओरडतेस, डोकं नाही तर काय गुडघा दुखेल?"

ती हसली. आणि मी आतून ओरडत होते, माझी कड फाटलीय म्हणून, पण मला टकटकीपलीकडे भाषा कुठे होती?

मग लोणची घालायचा मोसम आला. घरोघरी कोबी मिठात पडू लागला. एका डोंगरगावात मानसोक कोबीची पोती उतरवत होता. बाहेर बर्फ पडत होता, म्हणून काचा बंद, इंजिन चालू, ऊब चालू. ओकबुन आत बसून गात होती,

*कोबी घ्या गं, मुळा घ्या, भरा रांजण काठोकाठ,*
*बर्फ बसेल दारात, लेक पाहील...*

आणि गाणं थांबलं.

"झोपलीस की काय गं?" मानसोक लांबूनच ओरडला. भोंग्यातून नुसती खरखर. त्याच्या हातातला कोबी गडगडत खाली गेला. तो धावला, त्याने दार उघडलं. ओकबुनची मान कलली होती. गाल लालबुंद, जणू नुकतीच लाजली आहे. त्याने तिला ओढून बर्फात आणलं. "ओकबुन! अगं, बोल ना! शिव्या घाल मला!"

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. तिला मारत होता तो माझ्या फटीतून निसटलेला धूर. खमंग वास माशाचा होता. धुरातल्या विषाला ना वास, ना रंग.

बऱ्याच वेळाने ती खोकली. दवाखान्यात तिला प्राणवायू लावला. ती वाचली.

मग गाडी दुरुस्त करणाऱ्या दूहो मिस्त्रीने बाक उचलला आणि स्वतःच मागे सरला. मासा एका अंगाने कोळसा झालेला, माझ्याभोवती काजळीचं काळं फूल.

"पण मासा तर होता ना राखणीला!" मानसोक पुटपुटला.

"काका, राखण करणाराच भाजत होता. तुम्ही वास घेत बसलात!"

दूहोने मला सोडवलं. हीच धुऊन बसवता येईल का, मानसोकने विचारलं. माझ्याही मनात आशा हलली. "नाही. एकदा दाबली गेली की ती त्या जागेची होते. दुसऱ्यांदा धूर अडवत नाही." त्याने दोन्ही बाजूंची काजळी खरवडली, सरळ पोलादी पट्टी टेकवून मॅनिफोल्ड वाकलं नाही ना ते पाहिलं. नवी गॅस्केट बसवली, नवे बोल्ट घातले. मधल्या बोल्टापासून कडेला जात, थोडे थोडे करत आळीपाळीने त्याने ते आवळले. एकदम एकच बोल्ट आवळला, तर गॅस्केट तिरकी बसते.

मानसोक नवा मासा घेऊन आला. ओकबुनने जुन्या माशाचा दोरा सोडला आणि मला बांधला.

"ही जळकी कशाला?"

"ही रोज सकाळी ओरडून सांगत होती. आपणच बहिरे."

आता मी भोंग्याशेजारी लटकते. मित्रांनो, यंत्राची कुरकुर थट्टेवारी नेऊ नका. गाडीत डोकं जड झालं तर काच उघडा, बाहेर पडा, मिस्त्री गाठा.

रोज सकाळी गाडी सुरू होते. मानसोक बोलायला तोंड उघडतो आणि ओकबुन त्याच्या ओठांवर बोट ठेवते. दोघं ऐकतात. टकटक नाही. मग ती काच थोडी खाली करते, भोंगा उचलते आणि त्या दिवशी अडलेली ओळ पुरी करते.

*...लेक पाहील घरची वाट.*