दोन सीटांची गाडी

एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यावर साहेबरावांनी हैदराबादहून भंगारातली एक जुनी स्पोर्ट्स कार आणली आणि कित्येक वर्षं खपून ती चालती केली. लाल, बुटकी, दोनच सीटांची. सुनेच्या पांढऱ्या सेडानला ते 'चाकावरचा सोफा' म्हणायचे.

त्या दुपारी बायकोचं, पंचफुलाचं, तोंड अचानक वाकडं झालं. लाल गाडीतूनच तिला उदगीरच्या डॉक्टरांकडं नेलं.

"लकवा आहे. ताबडतोब नांदेड गाठा. इंजेक्शन वेळेत मिळालं तरच उपयोग."

अॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लातूरला गेलेली. सून मनिषा गावाबाहेरच्या शाळेत शिकवायची. ती फोनवर म्हणाली, "बाबा, थांबा. मी गाडी घेऊन निघालेच."

"थांबायला टाइम कुठं हाय, पोरी!" साहेबरावांनी गाडी नांदेडच्या रस्त्याला लावली.

गाडी सुसाट सुटली. पण सीट एवढी खोल, की पंचफुलाला सावरून बसता येईना. उजवं अंग लुळं पडलेलं. ती त्यांच्यावर कलंडायची, तिचा हात गिअरच्या दांड्यावर पडायचा. गिअर टाकताना दर वेळी तो उचलून बाजूला ठेवावा लागे.

"पंचे, जरा धर की गं!" ते ओरडले आणि लगेच त्यांना रडू फुटलं. तिला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं.

जळकोटच्या पुढं चढावर बॉनेटमधून वाफ उसळली. इंजिन बंद पडलं ते पडलंच. साहेबराव रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात करू लागले. एक जीप थांबली, पण माणसं पार टपावर बसलेली. ट्रक तर थांबलेच नाहीत.

शेवटी मागून मनिषाची पांढरी सेडान आली. दोघांनी पंचफुलाला मागच्या सीटवर आडवं केलं.

"बाबा, मागं बसा. आईंना कुशीवर धरा, उलटी आली तर श्वासात जाईल."

"वाचंल ना गं ती?"

मनिषानं अॅक्सिलरेटर दाबला. गाडी एकसारखी धावत राहिली. आत आवाज नव्हता. साहेबरावांना बायकोचा घरघरता श्वास ऐकू येत होता. तो थांबला तर, या भीतीनं ते स्वतःचाही श्वास रोखून धरत होते.

इंजेक्शन मिळालं, पण काठावर. पंचफुला वाचली. चौथ्या दिवशी "पाणी" म्हणाली. उजवा हात मात्र उठला नाही.

लाल गाडी आठवडाभर त्या चढावरच उभी होती. आणायला घरातलं कुणी गेलं नाही.