रेघ सोडायची नाही

हिमशुभ्र माळ, हिमशुभ्र आकाश, आणि त्या दोन शुभ्रतांच्या सांध्यावर धुराने काळवंडलेले एक गाव. बावीस जानेवारीच्या सकाळी हंगेरीच्या त्या मैदानात रंग असा उरलाच नव्हता. होता तो गावाच्या सभागृहात, बायकांच्या मांडीवरच्या रेशमाच्या लडींत. रक्तवर्ण, हळदवर्ण, मोरपंखी.

देशाचा संस्कृतिदिन होता. दरवर्षी या दिवशी ओर्शोयाआजी काळ्या कापडावर नव्या भरतकामाचा गुलाब रेखीत. ठसा नाही, कागद नाही, मोजपट्टी नाही. हंसाच्या पिसाची लेखणी, वाटीभर पांढरी शाई, आणि न पुसता येणारी रेघ. बायकांनी त्या रेघेवर टाका घालायचा. रेघ सोडायची नाही.

पण शरद ऋतूपासून आजींचा हात कापत होता. चमच्यातले सूप मांडीवर सांडत होते. हे फक्त सुनेला, पिरोश्काला ठाऊक होते. तिच्या खिशात गेल्या वर्षीच्या गुलाबाचा छाप घेतलेला कागद होता. आज हात हरला, तर यापुढे गावाचा गुलाब कागदच काढणार होता.

"आई, कागद आणलाय मी," ती हळूच म्हणाली.

"कशाला? शेगडी पेटवायला?"

"आजी, यंदा पाकळ्या सोप्या काढा," कोपऱ्यातून एतेल्का म्हणाली. "गेल्या वर्षी डोळे गेले माझे."

"शेजाऱ्यांच्या खिडकीत कमी बघत जा. पुरतील."

सभागृह हसले. लेखणी टेकली. हसू थांबले.

हात कंपला. रेघ कंपली. पहिली पाकळी थरथरत उमटली, दुसरी तशीच, तिसरी तशीच. पिरोश्काची मूठ कागदावर आवळत गेली. आजींनी मान वर केली नाही. शेगडीतले लाकूड तेवढे तडतडत होते. कंपित-किनारी, हिमधवल, पूर्ण फुललेला गुलाब काळ्या कापडावर उतरला, तेव्हा आजींनी लेखणी खाली ठेवली.

"असा आलाय," त्या म्हणाल्या. "सरळ करून घ्या."

एतेल्काने सुईत लाल रेशीम ओवले आणि कापड जवळ ओढले.

"बोटांवर पट्टी मारून शिकवलंत तुम्ही. आता कशी सोडू रेघ?"

आणि तिने पहिला टाका घातला. त्या कंपावर. नेमका त्या कंपावर.

दुपारपर्यंत एक पाकळी भरून झाली. पिरोश्का वाकली, आणि वाकलेलीच राहिली. आजवरचे गुलाब फुललेले असत, निश्चल, जणू गोठलेले. या पाकळीत वारा होता. साठ वर्षे रेघ ओढणाऱ्या हाताचा सगळा थकवा त्या रेशमात शिरला होता, आणि शिरताच वारा झाला होता.

तिने खिशातला कागद काढला आणि शेगडीत टाकला.

बाहेर वारा नव्हता. धुराड्यातून धूर उभ्या, सरळ रेघेत आकाशाला चालला होता. आणि आत, काळ्या कापडावर, एक लाल पाकळी हलत होती, हलत होती.