अकराव्या पानावरची नोंद

बालन्यायालयातली फाईल निकालानंतर सात वर्षांनी नष्ट करायची असते. पोर पुढे नोकरीला लागेल, संसार थाटेल, तेव्हा कुणी जुनं उकरून काढू नये म्हणून. नियम चांगला आहे आणि तो पाळायचं काम माझ्याकडे आहे. पानाचा क्रमांक आणि विषय मोठ्यानं वाचायचा, साक्षीदारानं यादीवर खूण करायची, मग पान मशीनमध्ये. सायकलचोरी, वर्गातली मारामारी, घरातून पळून जाणं, पुन्हा सायकलचोरी. दुपारपर्यंत घसा बसतो.

त्या दिवशी साक्षीदारच नव्हता. आमच्या शिपायाला पन्नाशीत गालफुगी झाली होती. "आयुष्यभर पोरांवर डाफरला, शेवटी पोरांनी सूड उगवला," असं स्टेनो सगळ्यांना सांगत फिरत होती.

तेवढ्यात खिडकीशी एक मुलगी आली. बावीसेक वर्षांची, हातात ओळखपत्र आणि फाईल नष्ट करणार असल्याचं आमचं पत्र.

"मॅडम, माझी फाईल आज फाडणार ना?"

"हो. काळजी करू नका, चिटोरंही उरत नाही."

"मला ती वाचायचीय."

"वाचायला देता येत नाही."

"माझीच असली तरी?"

"तरी."

ती हलली नाही. "मी पंधराची होते," ती म्हणाली. "शेजाऱ्यांची स्कूटर न विचारता नेली, एका आजोबांचा पाय मोडला. इथे, जजसाहेबांसमोर आई म्हणाली, मला नाही झेपत, ठेवून घ्या हिला. एकेचाळीस दिवस निरीक्षणगृहात होते. ती भेटायला यायची, मी जिन्यावरून खाली उतरायचेच नाही. मग तीच मला घरी घेऊन गेली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. गेल्या वर्षी ती गेली."

"बरं."

"तिनं तेवढंच म्हटलं होतं की आणखी काही, एवढंच बघायचंय."

'नियमात बसत नाही' म्हणणं सगळ्यात सोपं होतं. मी ते दिवसातून वीसदा म्हणते. पण साक्षीदाराची खुर्ची रिकामी होती, आणि साक्षीदार सज्ञान असावा, यापलीकडे नियमात काही लिहिलेलं नाही.

"आत या," मी म्हटलं. "पेन आहे?"

पान एक, पोलिसांचा अहवाल. पान दोन, जन्मदाखल्याची प्रत. ती खुणा करत गेली. नववं पान आईच्या जबाबाचं. तिथे मी विषयावर थांबले नाही.

"'मुलगी ऐकत नाही. मी एकटी आहे. मला झेपत नाही. ठेवून घ्यावी.'"

तिनं खूण केली. पान दहा, वैद्यकीय तपासणी. पान अकरा, कार्यालयीन नोंद.

अक्षर माझं होतं. मशीन घरघरत होतं. नुसता विषय वाचला असता तरी काम भागलं असतं.

"'दुसऱ्या दिवशी आई कार्यालयात आल्या. रागाच्या भरात बोलले, मुलीला परत न्यायचं आहे, म्हणतात. पुढील तारीख सांगितली. चार दिवसांनी पुन्हा आल्या. तारीख सांगितली. सोमवारी पुन्हा आल्या. तारीख सांगितली.'" मी खालपर्यंत बोट नेलं. "आणखी दोन नोंदी अशाच आहेत. एकूण पाच."

तिनं पेन खाली ठेवलं.

"तारीख अलीकडे घ्यायचा अर्ज असतो," मी म्हणाले. "एका पानाचा. माझ्या खणात असायचा. तुमच्या आईला मी तो दिला नाही. खालची सही माझी आहे."

"का नाही दिला?"

"त्यांनी मागितला नाही."

"असा अर्ज असतो हे तिला कुठून माहीत असणार?"

"नसणारच. रोज तीस-चाळीस जणी यायच्या. एकीला तारीख सांगितली की मी पुढचीला बोलवायचे."

तिनं पानावरच्या नोंदी बोटानं मोजल्या.

"पाच वेळा," ती म्हणाली. "दर वेळी अर्धी रजा टाकली असणार. साहेब खडूस होता तिचा."

"हे पान बाहेर नेता येणार नाही."

"माहितीय. परत वाचा."

मी परत वाचलं, पाचही नोंदी, सहीसकट. तिनं अकरासमोर खूण केली. पान मीच मशीनमध्ये सोडलं.

"पान बारा," मी म्हणाले. आवाज पार बसला होता.

"जरा मोठ्यानं, मॅडम," ती म्हणाली. "साक्षीदाराला ऐकू यायला हवं."