कलईखालचं नाव

“आपल्याच घरी परत आलेली बाई परकी कशी?”

कादरने हा प्रश्न चाकणच्या चौकीत विचारला, पुण्याच्या कचेरीत विचारला, एकदा तर भर रस्त्यात बस थांबवून ड्रायव्हरलाही विचारला. उत्तर कुणीच दिलं नाही. मलाही ते ठाऊक नाही. मी त्याच्या घरातला देगचा, म्हणजे तांब्याचं मोठं पातेलं. पण त्या प्रश्नाचा शेवट कसा झाला ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. चाकणचे कांद्याचे आडतवाले लक्ष्मणराव यांनी मला विकत घेतलं ते युसुफच्या लग्नात आहेर द्यायला. युसुफ आणि त्याचा धाकटा भाऊ कादर दोघे कलई करायचे, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा मुलामा द्यायचे. लक्ष्मणरावांच्या घरची भांडी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची पांढरीशुभ्र. आता आहेराचं भांडं म्हटलं की त्यावर नाव घालायचं, ही आपल्याकडची रीत. देणारा कोण, घेणारा कोण, तारीख काय, सगळं छिन्नीच्या टिंबाटिंबांनी ठोकायचं.

“नाव मी घालणार,” कादर म्हणाला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि शाळा दुसरीपर्यंत झालेली. लक्ष्मणरावांनी खडूने अक्षरं लिहून दिली आणि कादरने त्यांवर हातोडी चालवली. भावाच्या लग्नाचा आनंद सगळा त्या हातोडीत उतरला होता. माझ्या अंगावर असे ठोके आधी कधी बसले नव्हते.

युसुफने मला उचलून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे गाढवा, नाव घालतोस का भोक पाडतोस? आतून पुरळ आल्यासारखं झालंय!”

“आत कलई व्हनार हाय की. कोन बघतंय?”

युसुफ हसला आणि त्याने आतून दाट कलई चढवली. बाहेर नाव, आत चांदीसारखी चकाकी. मी नवरीच्या घरात गेलो.

नवरी म्हणजे सुरय्या. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार होती. कादर जेवायला बसला की म्हणायची, “कादरमियाँ, हळू खा, देगच्याला पळायला पाय नाहीत.” आईविना वाढलेला तो पोरगा तिच्या या बोलण्यावर जगायचा.

दोन वर्षांनी, फाळणीनंतर, तिच्या वडिलांनी कराचीला जायचं ठरवलं. आई आजारी, बोटीत तिला सांभाळायला दुसरं कुणी नाही. “पोचवते आणि दोन महिन्यांत येते,” असं सांगून सुरय्या गेली. जाताना निकाहनामा बरोबर घेतला. परत येताना कुणी अडवलं, तर आपण कुणाची बायको ते दाखवता यावं म्हणून. पण ती तिकडे असतानाच इकडे यायला परवाना लागू लागला. परवान्याच्या अर्जाला तिने तो निकाहनामा जोडला आणि तो कुठल्याशा फायलीत कायमचा गेला. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. ती आली तेव्हा तिच्या हातात फक्त तीन महिन्यांचा परवाना होता.

ते तीन महिनेही संपले, पण ती गेली नाही. कुठे जाणार? युसुफ मुदतवाढीचे अर्ज करत राहिला. मुलगी झाली, तिचं नाव शहाजादी ठेवलं. दर काही महिन्यांनी चौकीतला हवालदार यायचा, ओट्यावर चहा प्यायचा, “अर्ज चालू हाय न्हवं?” एवढं विचारायचा आणि जायचा. माणसांना अशा टांगत्या जगण्याचीही सवय होते, हे मी पाहिलं.

मग छप्पन सालच्या पावसाळ्यात युसुफला मुदतीचा ताप आला. एकविसाव्या दिवशी ताप उतरायला हवा होता. त्या दिवशी युसुफच गेला.

त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण माझ्यातच शिजलं. पाहुणे गेले, सुरय्याने मला घासून अंगणात पालथं घातलं. दुपारचं ऊन माझ्यावर पडलं आणि नाव चमकलं. कादर समोर बसला होता. त्याने ते नाव पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि आत जाऊन कानस घेऊन आला. दात ओठ खात, रडत, त्याने ते घासायला सुरुवात केली. ‘युसुफ’ गेलं, ‘सुरय्या’ गेलं, तारीख गेली, ‘लक्ष्मणराव’ गेलं. माझी कातडी सोलली जात होती, पण ओरडत तो होता.

सुरय्या धावत आली. ती रागावली नाही. तिने मला सुलटं केलं, आत हात घातला आणि कितीतरी वेळ तिथेच ठेवला. का ठेवला, ते कादरला तेव्हा कळलं नाही.

दोन महिन्यांनी हवालदार आला. चहा घेतला नाही. हातात नोटीस होती. “नवऱ्याच्या अर्जावर मुदत मिळत व्हती. आता अर्ज करनाराच ऱ्हायला न्हाई. महिन्यात बाईला जावं लागंल.”

“आन् शहाजादी?”

“पोरगी हितली. बाई तिकडची.”

कादर हवालदाराच्या मागोमाग चौकीत गेला, टेबलावर मूठ आपटली आणि तो प्रश्न विचारला. उत्तराऐवजी त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवलं.

तो कलईसाठी पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात जायचा. तिथे दयालदास नावाचे सिंधी गृहस्थ अर्ज लिहून द्यायचे. ते स्वतः कराचीचे. कादरची हकीकत ऐकून त्यांनी चष्मा पुसला. “मी कराची सोडून इकडे आलो, मला कागद मिळाला. तुझी भाभी कराची सोडून इकडे आली, तिलाही मिळेल. नवा कायदा आलाय, भाऊ. इथल्या माणसाशी लग्न झालेल्या बाईची नोंद होते. विधवेचीही होते. फक्त लग्न झालं होतं हे दाखव.”

अर्ज गेला. नोटिशीचे अकरा दिवस उरले असताना पुण्याच्या कचेरीत बोलावणं आलं. लक्ष्मणराव फेटा बांधून साक्षीला गेले. तिथला कारकून म्हणाला, “तोंडी साक्ष काय, कुणीही देतं. ती जाण्याच्या आधीचं लेखी काही आहे?”

काझी वारले होते. त्यांचं दफ्तर वाळवीने खाल्लं होतं.

“हाय की!” लक्ष्मणराव गरजले. “म्या दिलेला देगचा हाय. नाव, तारीख, समदं हाय त्याच्यावर.”

टेबलामागचे साहेब पुढे झुकले. “मग घेऊन या. सोमवारी.”

बाहेर आल्यावर कादर पायरीवर बसला. “तात्या, म्या घासून टाकलं.”

“काय?”

“कानशीनं. समदं.”

लक्ष्मणरावांनी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला.

घरी येऊन कादर सुरय्याच्या पायाशी बसला. “भाभी, तुला घालवनारा मीच. हानलंस तरी चालंल.”

“हाणीन नंतर,” ती म्हणाली. “आधी हात दे.” तिने त्याचा हात धरून माझ्या आत, पोटाला लावला. “लागतंय काही? लग्नापासून घासतेय मी याला. कितीही कलई केलीस तरी इथं बोटांना टोचतं. बाहेरचं तू पुसलंस. आतलं कोण पुसणार?”

कादरचं बोट थांबलं. तिथे नाव होतं. त्याच्याच जोरदार ठोक्यांनी आत उठलेलं, उलटं, कलईखाली बुजलेलं, पण होतं.

मला वाटलं, आता हा लगेच भट्टी पेटवणार. त्याने पेटवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाई करण्याआधी थांबला.

सोमवारी कचेरीच्या आवारात त्याने चिंचेखाली खड्डा केला, भाता लावला आणि कोळसे फुलवले. शिपाई धावत आला. “ए कलईवाल्या! इथं कुणाची भांडी नाहीत!”

“माझं हाय की. सायबाला बोलवा.”

आरडाओरडा ऐकून साहेब, कारकून, अर्धी कचेरी बाहेर आली. कादरने मला सगळ्यांपुढे धरलं. “साहेब, बाहेरचं नाव भाऊ गेल्यावर म्या पुसलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. आतलं कलईखाली हाय. घरी कलई काढून आनली असती, तर तुमी म्हनला असता, काल ठोकलं. तुमच्या डोळ्यांदेखत काढतो.”

मी निखाऱ्यांवर तापलो. दहा वर्षांची कलई वितळली. कादरने कापसाच्या बोळ्याने ती पुसून काढली आणि पांढरा धूर उठला. कारकून खोकत मागे सरला. आत माझं तांबं लाल उघडं पडलं आणि त्यावर पुरळ उठावं तसे टिंबांचे उंचवटे दिसू लागले.

मी निवेपर्यंत साहेब तिथेच उभे राहिले. मग कादरने पातळ कागद आत दाबून धरला आणि वरून कोळसा घासला. कागदावर काळी टिंबं उमटली, पण अक्षरं सगळी उलटी.

“ही कुठली भाषा?” कारकुनाने विचारलं.

सुरय्याने कागद हातात घेतला, उलटा केला आणि उन्हात धरला. साहेब अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचू लागले.

“सौ. सुरय्या… युसुफ… यांस लग्नात भेट. लक्ष्मणराव, चाकण. ता. चौदा, चार, सेहेचाळीस.”

“आता माझी साक्ष लेखी झाली का, भाऊसाहेब?” लक्ष्मणरावांनी कारकुनाला विचारलं. शिपाई आधी हसला, मग सगळेच हसले. कारकुनानेही शेवटी खिशातून रुमाल काढून मला उचललं आणि पंचनाम्यासाठी जपून आत नेलं.

नोटीस थांबली. सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत सुरय्याने त्याच कचेरीत उभं राहून शपथ घेतली, खणखणीत आवाजात. नोंदणीचा दाखला हातात आला तेव्हा तिने तो आधी शहाजादीला दाखवला. कादर बाहेर पडून थेट चाकणच्या चौकीत गेला. त्याने टेबलावर मूठ आपटली नाही. दाखला ठेवला आणि म्हणाला, “हवालदारसाहेब, घरी चला. चहा ऱ्हायलाय तुमचा.”

आज मी सुरय्याच्या चुलीवर आहे. ईदला शीरखुर्मा माझ्यातच होतो आणि पहिली वाटी अजूनही युसुफच्या नावाने बाजूला निघते. माझ्या अंगावर कानशीचे चरे आहेत. त्यांची मला लाज नाही. तुमच्या घरात एखादं नाव घातलेलं जुनं भांडं असेल, तर ते मोडीत घालण्याआधी एकदा आत हात घालून बघा, एवढंच माझं मागणं.

दाखला आला त्याच दुपारी कादरने मला मांडीवर घेतलं. सुरय्याने खडूने अक्षरं लिहून दिली, आधी युसुफचं नाव, मग तिचं. त्याने छिन्नी टेकवली. हात आता कारागिराचा झाला होता, हलक्या ठोक्याने सुरेख टिंब उठवता आलं असतं.

त्याने हातोडी खांद्यापर्यंत उचलली आणि सतराव्या वर्षी हाणली होती तशीच, सगळा जीव घालून हाणली.